‘काम’ म्हणजे नेमके काय?

रेरा कायदा येण्याआधी मुंबई, ठाणे किंवा पुण्यात ज्यांनी घर घेतले, त्यांना ‘क्षेत्रफळ’ या शब्दाची किंमत चांगलीच ठाऊक आहे. जाहिरातीत हजार चौरस फूट, करारनाम्यात आठशे आणि ताबा मिळाल्यावर स्वतः टेप लावून मोजले तर जेमतेम साडेसहाशे, असा तो प्रकार असे. बिल्डर प्रत्येक वेळी खोटेच बोलत होता असे नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, भिंतींची जाडी यातला आपल्या वाट्याचा हिस्सा धरला तर त्याचा आकडा त्याच्या परीने बरोबर निघे. अडचण एवढीच होती की ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दाची सगळ्यांना बांधून ठेवणारी व्याख्या कुठे नव्हती. २०१६च्या कायद्याने ‘चटई क्षेत्र’ या शब्दाची व्याख्या केली. घरातले वापरता येण्याजोगे निव्वळ क्षेत्र धरायचे, बाहेरच्या भिंती, पाइप-वायरिंगच्या डक्ट, त्या घरापुरती असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही, घराच्या आतल्या भिंती मात्र धरायच्या. एका वाक्याची ही व्याख्या. पण तिच्यातला प्रत्येक शब्द लाखो रुपयांचा आहे.

गणितातल्या आणि भौतिकशास्त्रातल्या व्याख्या अशाच असतात. काय आत धरायचे, काय बाहेर ठेवायचे आणि मोजायचे कसे, हे त्या ठरवतात. शाळेत मात्र आपली त्यांच्याशी ओळख ‘व्याख्या लिहा, गुण २’ अशी होते. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवले की दोन गुण पदरात पडतात आणि त्या वाक्याशी असलेला संबंध तिथेच संपतो. त्यातला ‘फक्त’, ‘एकूण’, ‘दिशेने’ असा एखादा शब्द गाळला म्हणून अर्धा गुण कापला, तर आपल्याला ती परीक्षकाची खोड वाटते. खरे तर सगळी व्याख्या बहुधा त्या गाळलेल्या शब्दातच असते.

‘कार्य’ या शब्दाकडेच पाहा. बळ गुणिले बळाच्या दिशेने झालेले विस्थापन म्हणजे कार्य. आता दादर स्टेशनवर वीस किलोची बॅग डोक्यावर घेऊन गाडीची वाट पाहत उभा असलेला हमाल डोळ्यांपुढे आणा. बॅग हललेली नाही, म्हणजे विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. तोच हमाल सपाट प्लॅटफॉर्मवरून एकसारख्या चालीने चालू लागला तरी उत्तर तेच. त्याने लावलेले बळ वरच्या दिशेने आहे आणि बॅग सरकते आडवी. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुठल्याही मुलाला वाटते की हा निव्वळ अन्याय आहे. घामाने निथळणाऱ्या माणसाला तुमचे शास्त्र ‘काही केले नाहीस’ म्हणून सांगणार असेल, तर चूक शास्त्राचीच असली पाहिजे.

मुलाची ही शंका रास्त आहे. ‘व्याख्याच तशी आहे’ एवढे सांगून ती मिटवणारे शिक्षक पाहिले की वाईट वाटते. व्याख्या तशी का केली, हे सांगायला फार वेळ लागत नाही.

समजा तीच बॅग आपण भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. खुंटी तिला तेवढ्याच बळाने वर धरून ठेवते. तासभर, वर्षभर, घर पडेपर्यंत. तिला चहा लागत नाही, भाकरी लागत नाही आणि ती दमत नाही. म्हणजे वजन नुसते एका जागी धरून ठेवायला निसर्गाच्या हिशेबात ऊर्जा खर्च करावी लागत नाही. बॅग उंचावर न्यायची तर मात्र करावी लागते, मग ती हमालाने न्यावी की क्रेनने. खुंटी आणि क्रेन यांच्यातला हा फरक पकडणारे एक माप हवे होते. खाणीत साचलेले पाणी वाफेच्या इंजिनाने उपसणाऱ्या अभियंत्यांना त्याची गरज आधी भासली. किती वजनाचे पाणी किती उंच चढवले, यावरच इंजिनाची लायकी ठरत होती. जेम्स वॅटने ‘हॉर्सपॉवर’ ठरवली तीही याच हिशेबाने, मिनिटाला ३३ हजार फूट-पौंड. पुढे १८२९ मध्ये गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच अभियंता-गणितज्ञाने बळ आणि अंतर यांच्या गुणाकाराला ‘कार्य’ हे नाव दिले. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या आधी जो ‘अर्धा’ येतो, तोही त्यानेच बसवला. कारण तो बसवला की केलेले कार्य आणि वाढलेली गतिज ऊर्जा यांचे आकडे तंतोतंत जुळतात. व्याख्या चांगली की वाईट, हे अशा जुळण्यावरून ठरते. ती रोजच्या बोलण्याशी जुळते की नाही, हा प्रश्न तिथे गौण असतो.

मग हमाल का दमतो? ते उत्तर पदार्थविज्ञानाकडे नसून शरीरशास्त्राकडे आहे. आपला स्नायू म्हणजे खुंटी नव्हे. ताणलेल्या स्नायूत मायोसिनचे सूक्ष्म हात ॲक्टिनच्या दोऱ्यांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. प्रत्येक वेळी एटीपी हे इंधन खर्च होते. बाहेरून बॅग स्थिर दिसते, पण आत कोट्यवधी हातांची अखंड रस्सीखेच चालू असते. त्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, म्हणून घाम येतो. बॅगेवर झालेले कार्य शून्य आणि हमालाच्या शरीराचा खर्च मोठा, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. निसर्गाने काही प्राण्यांना खुंटीसारखे स्नायूही दिले आहेत. शिंपल्यात राहणारे बरेच प्राणी आपले कवच तासन् तास घट्ट मिटून ठेवतात आणि त्यासाठी त्यांना फारच थोडी ऊर्जा लागते. आपल्याला ती सोय नाही.

व्याख्या एकदा हातात आली की हिशेब करता येतो, आणि तो चकित करणारा असतो. वीस किलोची बॅग सहा मीटर उंचीच्या पुलावर चढवली, तर बॅगेवर झालेले कार्य साधारण १,१७६ ज्यूल. खाण्याच्या भाषेत ते होतात ०.२८ किलोकॅलरी. हमालाचे स्वतःचे साठ किलो वजनही वर गेले, ते धरून सव्वा किलोकॅलरीच्या आत. अशा कामात स्नायू आपल्या इंधनाचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणजे खर्च पाचेक किलोकॅलरी. एका साध्या बिस्किटात वीस-पंचवीस असतात. जिने चढून वजन उतरवायचे मनसुबे करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. (चढू नये असे मुळीच नाही. हृदयाला आणि गुडघ्यांभोवतीच्या स्नायूंना त्याचा फायदा आहेच.) इथे आणखी एक शब्द घोटाळा करतो. भौतिकशास्त्रातली कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा. आहाराबद्दल बोलताना आपण ज्याला ‘कॅलरी’ म्हणतो ती हिच्या हजारपट, म्हणजे किलोकॅलरी असते. पाकिटावर नीट छापलेले असते, बोलताना ‘किलो’ गळतो.

उष्णता आणि तापमान या जोडीचा गोंधळ याहून जुना. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर उडतात आणि आपण हसतो. त्या ठिणग्यांचे तापमान हजार अंशांच्या वर असते. उकळते पाणी फक्त शंभर अंशांचे, पण ते अंगावर सांडले तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगी इतकी बारीक असते की तापमान प्रचंड असूनही तिच्याकडून त्वचेला मिळणारी ऊर्जा नगण्य असते. (फुलबाजीची तार मात्र चांगलीच भाजते, तिच्यात धातू भरपूर असतो.) वाफेचे प्रकरण याच्याही पुढचे आहे. शंभर अंशांचे पाणी आणि शंभर अंशांची वाफ, तापमान एकच. पण एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी सोडते. मग तेच पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना आणखी ६३. उकळते पाणी नुसते ते ६३ देते. इडलीपात्राचे झाकण उघडताना हात बाजूला का धरायचा, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. हा भेद स्पष्ट केला जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैद्यक-रसायनशास्त्रज्ञाने, १७६०च्या सुमारास. बर्फाला उष्णता देत राहिले तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमापी शून्यावरून हलत नाही, हे त्याने नेमकेपणाने दाखवले. उष्णता आत जाते आहे आणि तापमान वाढत नाही, म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याच पाहिजेत.

आजची व्याख्या आणखी काटेकोर आहे. तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. जात असते तोवरच तिला उष्णता म्हणायचे. वस्तूत साठलेली असते ती आंतरिक ऊर्जा. बँकेतल्या शिल्लक रकमेला जसे कोणी ‘भरणा’ म्हणत नाही, तसेच हे. तोंड आले की घरातले जाणते माणूस म्हणते, ‘उष्णता झाली आहे, सब्जा घे.’ ती उष्णता निराळी. थर्मामीटर लावला तर तो ३७ अंशच दाखवेल. त्या शब्दाला त्याचा स्वतःचा परंपरेतला अर्थ आहे आणि भौतिकशास्त्राच्या व्याख्येने तो खोडताही येत नाही की सिद्धही होत नाही. एकाच उच्चाराचे हे दोन शब्द आहेत, एवढे लक्षात ठेवले की पुष्कळ वाद टळतात.

या बाबतीत मराठीतून शिकणाऱ्या मुलांना एक फायदा मिळतो, त्याबद्दल क्वचितच बोलले जाते. इंग्रजीत ‘वर्क’, ‘पॉवर’, ‘फोर्स’ हे सगळे रोजच्या वापरातले शब्द. त्यांचा ओळखीचा अर्थ मुलांच्या डोक्यात आधीच ठाण मांडून बसलेला असतो. आपल्याकडे ‘वस्तुमान’, ‘त्वरण’, ‘विस्थापन’ हे शब्द बाजारात कोणी वापरत नाही. ते अवघड वाटतात, पण कोरे असतात. त्यांच्यात व्याख्या भरावी लागते, आधीचा अर्थ पुसावा लागत नाही. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांचे मात्र तसे नाही. सकाळी कल्याणहून निघून सीएसएमटीला पोचलेली आणि तिथून पुन्हा कल्याणला आलेली लोकल शंभरेक किलोमीटर धावली, म्हणून तिची सरासरी चाल काहीतरी भरते. पण विस्थापन शून्य, म्हणून पूर्ण फेरीचा सरासरी वेग शून्य. दिशा हा शब्द गाळला की ‘वेगा’ची ‘चाल’ होते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतो तेव्हा त्याचे त्वरणही शून्य होते, असे पुष्कळ हुशार मुले लिहितात. वेग शून्य असतो, पण वेग बदलण्याचा दर तेव्हाही सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदच असतो. तो शून्य झाला असता तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

गणिताकडे वळले की निसर्गाचा आधारही सुटतो. तिथे व्याख्या हेच पायाचे दगड. ‘शून्य सम की विषम?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून पाहा, हमखास दोन तट पडतील. कोणी म्हणेल दोन्ही नाही, कोणी म्हणेल शून्य ही संख्याच नाही. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम क्रमांकांच्या गाड्यांचा प्रयोग झाला तेव्हा नियम मोडणाऱ्याला दोन हजार रुपये दंड होता. त्यामुळे शून्याने संपणारा क्रमांक सम धरायचा, हे आदेशातच सांगावे लागले. गणितात त्यावर वादच नाही. एखाद्या पूर्णांकाची दुप्पट म्हणून लिहिता येते ती सम संख्या. शून्य म्हणजे शून्याची दुप्पट. झाले. ‘शून्य म्हणजे काहीच नाही, मग ते सम कसे?’ ही शंका व्याख्येला लागूच होत नाही, कारण व्याख्येत ‘काहीतरी असणे’ अशी अट नाही. नसलेली अट मनाने घालणे, ही व्याख्या वाचताना होणारी सर्वांत मोठी गफलत.

‘१’ची गोष्ट याहून रंजक आहे. ‘जिला फक्त १ने आणि त्याच संख्येने भाग जातो ती मूळ संख्या’ असे आपण पाठ केलेले असते. या वाक्यात १ बसतो की नाही? १ला १ने भाग जातो आणि ‘त्याच संख्येने’ही जातो. बसायला हरकत दिसत नाही. तरी गुरुजी सांगतात, १ मूळ नाही. इथे गुरुजी बरोबर आहेत आणि आपण पाठ केलेले वाक्य ढिले आहे. नेमकी व्याख्या अशी: जिला बरोबर दोन वेगवेगळे विभाजक असतात ती मूळ संख्या. १ला एकच आहे, म्हणून तो बाहेर.

पण तो बाहेर ठेवायचे ठरवले कोणी आणि का? हे आकाशातून पडलेले नाही. १७४२ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ मूळ संख्यांमध्येच धरलेला आहे. १९१४ साली अमेरिकी गणितज्ञ डी. एन. लेमर यांनी एक कोटीच्या पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तीही १पासून सुरू होते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत मतभेद होते. ते मिटले ते सोयीसाठी, आणि ही सोय खोलवरची आहे. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे अंकगणितातले सर्वांत कामाचे सत्य. बारा म्हणजे २ × २ × ३, दुसरा मार्ग नाही. १ला मूळ मानले तर बारा म्हणजे १ × २ × २ × ३, किंवा १ × १ × २ × २ × ३, आणि हे संपतच नाही. मग प्रत्येक प्रमेयात ‘१ सोडून’ असे लिहीत बसावे लागले असते. एका जागी दार बंद केले आणि शंभर जागी पहारेकरी ठेवायचे वाचले. व्याख्या माणसे ठरवतात हे खरे, पण वाटेल तशी ठरवत नाहीत. मुलांना हा इतिहास सांगितला तर ‘१ मूळ नाही’ हे वाक्य त्यांना पाठ करावे लागणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

भौतिकशास्त्राला मात्र व्याख्या कागदावर लिहून भागत नाही. ती जगात कुठेतरी प्रत्यक्ष मोजता आली पाहिजे. तिथे किलोग्रॅमने शास्त्रज्ञांना फार छळले. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र येथे तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी गेल्या. भारताला मिळालेली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. आता या व्याख्येचा अर्थ शब्दशः घ्या. त्या दंडगोलावर धूळ बसली तर किलोग्रॅमच जड झाला! दंडगोल घासून झिजला, तर विश्वातल्या उरलेल्या सगळ्या वस्तू जड झाल्या असे म्हणावे लागेल. कारण दंडगोल एक किलोपेक्षा कमी भरणे व्याख्येनेच अशक्य. १९९०च्या सुमारास मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती ताडून पाहिल्या तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायला तिसरे कोणी नव्हते.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना मायक्रोग्रॅम हा शब्द ओळखीचा असेल. त्यांनी काळजी करू नये. हा फरक अख्ख्या किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन कोटींत एक भाग होता, गोळीत तो कुठेच दिसणार नाही. पण ज्यावर जगातली सगळी वजने टेकलेली आहेत तोच खांब हलतो आहे, ही गोष्ट शास्त्राला झेपणारी नव्हती. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायमध्ये सदस्य देशांनी मतदान करून नवी व्याख्या स्वीकारली आणि २० मे २०१९ पासून ती लागू झाली. आता प्लांक स्थिरांकाची किंमत कायमची ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅम तिच्यावरून काढला जातो. मीटरचे असे १९८३ मध्येच झाले होते. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात निर्वात पोकळीत जितके अंतर जातो, तो मीटर. त्यामुळे ‘प्रकाशाचा वेग आणखी अचूक मोजला’ अशी बातमी आता येऊ शकत नाही. तो आकडा व्याख्येतच बसवला आहे. अचूक मोजायचा तो मीटर.

हे सारे प्रयोगशाळेपुरते वाटत असेल तर आरोग्याच्या बातम्यांतले दोन शब्द पाहू. पहिला ‘सरासरी आयुर्मान’. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. यावरून तेव्हा माणसे तिशीत म्हातारी होत, असा अर्थ बरेच जण काढतात. व्याख्या तसे म्हणत नाही. त्या वर्षीचे निरनिराळ्या वयांचे मृत्युदर कायम राहिले, तर त्या वर्षी जन्मलेली बाळे सरासरी किती वर्षे जगतील, तो हा आकडा. दहा बाळांपैकी चार वर्षाच्या आत गेली आणि उरलेली सहा प्रत्येकी ५५ वर्षे जगली, असे धरून चालू. सरासरी येते ३३. त्या दहांत ३३व्या वर्षी मेलेला एकही नाही. जुन्या आयुर्मानाचा आकडा म्हाताऱ्यांबद्दल थोडे आणि पाळण्यांबद्दल बरेच सांगतो. ‘पूर्वी लोक शंभर वर्षे जगायचे’ म्हणणारे आणि ‘पूर्वी लोक तिशीत मरायचे’ म्हणणारे, दोघेही त्या रिकाम्या पाळण्यांना विसरतात.

दुसरा शब्द ‘अचूक’. एखादी तपासणी ‘९५ टक्के अचूक’ आहे असे सांगितले जाते. अहवाल पॉझिटिव्ह आला की आपण समजतो, आपल्याला आजार असण्याची शक्यता ९५ टक्के. रात्रीची झोप उडते, घरात रडारड होते. पण तपासणीच्या बाबतीत दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ज्यांना आजार आहे अशा शंभरांपैकी किती जणांना तपासणी पॉझिटिव्ह दाखवते, ती संवेदनशीलता. ज्यांना आजार नाही अशा शंभरांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह दाखवते, ती विशिष्टता. दोन्ही व्याख्या ‘ज्यांना’ या शब्दाने सुरू होतात, आणि आपण ‘ज्यांना’मध्ये आहोत की नाही हेच आपल्याला माहीत नसते. आपला प्रश्न उलटा आहे: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांना खरोखर आजार असतो?

आकडे मांडून पाहू. समजण्यासाठी संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९५ टक्के धरू. लक्षणे नसलेल्या दहा हजार लोकांची सरसकट तपासणी केली आणि त्यांच्यात आजार शंभरात एकाला आहे. म्हणजे आजारी १००, निरोगी ९,९००. आजाऱ्यांपैकी ९५ जण पॉझिटिव्ह येतील. निरोग्यांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९५ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ५९०, त्यात खरे आजारी ९५. प्रमाण १६ टक्के. सहा घाबरलेल्या माणसांपैकी पाच जणांना काहीही झालेले नसते. आता तीच तपासणी, तेच यंत्र, पण अशा रुग्णांवर वापरले की लक्षणांवरून ज्यांच्यातल्या निम्म्यांना आजार असेल असा डॉक्टरांचा अंदाज आहे. दहा हजारांत आजारी पाच हजार. पॉझिटिव्ह येतील ४,७५० खरे आणि २५० खोटे. आता प्रमाण ९५ टक्के. यंत्र बदलले नाही, रांगेत कोण उभे आहे ते बदलले.

पहिल्या रांगेतल्या निगेटिव्ह अहवालाचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. निगेटिव्ह आलेले ९,४१०, त्यात आजार असूनही सुटलेले पाचच. म्हणजे त्या रांगेत ‘काही नाही’ हे उत्तर जवळजवळ पक्के असते आणि ‘काहीतरी आहे’ या उत्तरानंतर दुसरी, वेगळ्या पद्धतीची तपासणी लागते. सवलतीच्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींत हे छापलेले नसते. अशा पॅकेजमधला एखादा अहवाल ठळक अक्षरांत आला, तर तो घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे: माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या कसलीही लक्षणे नसलेल्या माणसांत हा आजार हजारात किती जणांना असतो? आणि या तपासणीची विशिष्टता किती? हे दोन आकडे मिळाले की वरचा हिशेब कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पाच मिनिटांत होतो.